‘लीकप्रूफ’ रेस गॉगल गळतो आणि कंपनी म्हणते पट्टा आवळा : तक्रार पत्र

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ट्रायथलॉन रेस गॉगलची नाकाजवळच्या कोपऱ्यातून होणारी गळती आणि त्यावर तुमच्या ग्राहक सेवेने दिलेला चुकीचा सल्ला

महोदय / महोदया,

तुमच्या कंपनीचा गॉगल मी खास शर्यतीसाठी घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘ट्रायथलॉन रेस’ आणि त्याखाली ‘१०० टक्के लीकप्रूफ’ असं छापलेलं आहे. तलावात सराव करतानाच डाव्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यातून पाणी झिरपायला लागलं, म्हणून मी ग्राहक सेवेला कळवलं. उत्तर आलं, ‘पट्टा आणखी घट्ट करून पाहा.’ मी तसं केलं आणि तो आवळलेला पट्टा घेऊनच शर्यतीत उतरले. पैसे मला परत हवेतच. पण माझी मोठी तक्रार त्या सल्ल्याबद्दल आहे, कारण गळतीची तक्रार करणाऱ्या प्रत्येकालाच तुम्ही तो देत असणार.

शर्यत ऑलिंपिक अंतराची होती : १५०० मीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. पोहणं समुद्रात. सुरुवातीच्या गर्दीत कुणाचं कोपर किंवा टाच लागून गॉगल हलला असेल, असं तुम्ही म्हणाल. तसं काही झालं नाही. पट्टा टोपीच्या आत होता, केस गॉगलच्या कडेखाली आलेले नव्हते, चेहऱ्याला सनस्क्रीन लावलेलं नव्हतं, कुणाचा धक्काही लागला नाही. तरी पहिला बोया (मार्ग दाखवणारा तरंगता फुगा) यायच्या आधीच गॉगलची डाव्या डोळ्यावरची वाटी पाण्याने भरायला लागली. खुल्या पाण्यात दिशा चुकू नये म्हणून दर काही स्ट्रोकनंतर डोकं वर काढून बोया शोधावा लागतो. डोकं वर काढलं की समोरचं पाणी थेट नाकाच्या बाजूने गॉगलवर आदळतं. तलावात थेंबाथेंबाने येणारं पाणी इथे डोकं उचलण्यागणिक आत घुसत होतं. खारं पाणी साचलं की डोळा उघडा ठेवणं अशक्य होतं. बोये डावीकडे होते आणि मिटावा लागलेला डोळाही डावाच.

शेवटी थांबले, पाठीवर झाले, गॉगल उचलून पाणी काढलं आणि परत बसवला. नियमाला हे चालतं. पुढे न सरकता बोया धरून दम घेतला तरी कुणी बाद करत नाही. पण घड्याळ चालूच राहतं. ज्यांच्या पायामागे राहून मी पोहत होते तो गटही तेवढ्यात निघून गेला. पुढच्याच्या पायाशी राहिलं की किती ताकद वाचते, हे ट्रायथलॉनचं साहित्य विकणाऱ्यांना सांगायला नको. उरलेलं अंतर एकटीने कापलं आणि मध्ये पुन्हा थांबून पाणी काढावं लागलं. बाहेर आले तेव्हा डावा डोळा लालबुंद होता, दोन्ही भुवयांवर ठणका होता, आणि सायकलवर वारा लागल्यावर त्या डोळ्यातून पाणी थांबेना. उतारावर, शेजारून इतर स्पर्धक जात असताना समोरचा रस्ता अंधुक दिसत होता. याला मी गैरसोय म्हणणार नाही. हा सरळ अपघाताचा धोका होता.

घरी आल्यावर गॉगल नीट तपासला. पट्टा न वापरता वाटी डोळ्यावर हलकेच दाबायची आणि हात काढायचा. क्षण-दोन क्षण ती आपोआप चिकटून राहिली तर माप बसलं असं समजायचं, ही पोहणाऱ्यांची नेहमीची रीत. उजवी वाटी एकटी दाबली तर टिकली. डावी लगेच निसटली. मग सिलिकॉनच्या कडेवरून नख फिरवलं. डाव्या वाटीच्या आतल्या कोपऱ्यात, कड जिथे नाकाच्या हाडाला टेकायला हवी बरोबर तिथे, साच्याच्या जोडाची एक बारीक रेघ नखाला अडकते. उजव्या वाटीवर ती जागा गुळगुळीत आहे. उजेडात तिरकं धरलं की रेघ डोळ्यांनाही दिसते. फोटो सोबत जोडले आहेत. हा उत्पादनातला दोष झाला आणि तो तपासणीत सापडायला हवा होता.

मात्र सगळं त्या रेघेवर ढकलून मोकळं होऊ नका. दोन्ही वाट्या एकदम लावून आरशात पाहिलं तर उजवीकडचा आतला कोपराही उचललेला दिसला. शर्यतीत त्या बाजूनेही थोडं पाणी का येत होतं, ते तेव्हा कळलं. तुमचं नोजपीस, म्हणजे दोन वाट्यांना जोडणारा नाकावरचा भाग, फ्रेममध्येच ओतलेलं आहे, एकाच मापाचं, बदलता न येणारं. माझ्या नाकाला ते लांब पडतं. कुणाला ते आखूड पडत असेल आणि त्याच्या नाकावर वळ उठत असतील. चेहरे सारखे नसतात, डोळ्यांतलं अंतर सारखं नसतं, डोळ्याच्या खोबणीची खोली सारखी नसते. बूट विकताना जो नंबर विचारला जातो, तो इथे विचारायची सोयच तुम्ही ठेवलेली नाही. साध्या सरावाच्या गॉगलबरोबरही लहान, मध्यम, मोठी अशी तीन नोजपीस मिळतात. तुमच्या रेस मॉडेलमध्ये ती का नाहीत?

आता त्या पट्ट्याबद्दल. पट्टा कानशिलांकडून मागे ओढतो. तो आवळला की वाटीची बाहेरची कड हाडात रुतते, आणि नोजपीस मापाचं नसेल तर आतली कड उचललेलीच राहते. सिलिकॉनची पातळ कड कातडीवर सपाट पसरली तरच पाणी अडवते. तिला जास्त दाबलं की ती दुमडते, आणि पाण्याला तेवढी दुमड पुरते. ज्याला गॉगल बसतो त्याला पट्टा बेताचा लागतो, जेमतेम जागेवर धरून ठेवण्यापुरता. ज्याला बसत नाही त्याने कितीही आवळला तरी उपयोग नाही. माझंच उदाहरण घ्या. सल्ला मिळण्याआधी थोडं झिरपत होतं. सल्ला पाळल्यावर झिरपणं होतंच, वर डोकेदुखी आली.

ती डोकेदुखीही किरकोळ समजू नका. भुवईजवळ, खोबणीच्या वरच्या काठावरून कपाळाकडे एक मज्जातंतू जातो. घट्ट गॉगलची कड त्यावर दाबत राहिली की कपाळ ठणकतं, आणि हे दुखणं डॉक्टरांच्या चांगलं ओळखीचं आहे. लहान वाटीचा गॉगल घातल्यावर डोळ्याच्या आतला दाब वाढतो, हेही मोजून दाखवलं गेलं आहे. काचबिंदू असलेल्या एखाद्याने तुमच्याकडे गळतीची तक्रार केली तर त्यालाही ‘आवळा’ म्हणून सांगणार का? कॉन्टॅक्ट लेन्स लावून पोहणाऱ्याचं तर आणखी वाईट. आत आलेलं पाणी लेन्सखाली अडकलं तर डोळ्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. त्याच्यासाठी ‘लीकप्रूफ’ हा शब्द जाहिरातीपुरता नसतो, त्या भरवशावरच तो गॉगल निवडतो.

गर्ट्रूड एडर्ली १९२६ साली इंग्लिश खाडी पोहून गेली. ही खाडी पार करणारी ती पहिली स्त्री. तेव्हा पोहण्याचे धड गॉगल मिळत नव्हते, म्हणून तिने मोटरसायकलस्वारांचा गॉगल घेऊन त्याच्या कडा मेणाने बंद केल्या होत्या. पाणी कडेतून येतं, तेव्हा उपाय कडेवरच करायचा, हे तिला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. तुमच्या ग्राहक सेवेच्या तयार उत्तरांत मात्र ‘कड’ हा शब्दच नाही.

न्यायाने बोलायचं तर गॉगलमध्ये चांगलंही आहे. लेन्सचा आवाका मोठा आहे, बोया शोधताना मान फार उचलावी लागत नाही. उन्हाच्या दिशेने पोहताना मिरर कोटिंगने डोळे दिपले नाहीत. उजव्या वाटीत वाफही धरली नाही. खरं तर म्हणूनच राग जास्त येतो. इतकी मेहनत लेन्सवर घेतली आणि नाकाजवळच्या नखभर जागेवर सोडून दिली. जाता जाता एक : मिरर लेन्स पहाटेच्या अंधुक उजेडात फार काळी पडते आणि बऱ्याच शर्यती त्याच वेळी सुरू होतात. ते खोक्यावर लिहा, आणि वाफ न धरणारा आतला थर बोटाने पुसायचा नसतो हेही लिहा.

परतीच्या तुमच्या नियमाबद्दल वेगळं सांगायलाच हवं. गॉगल परत करायला निघाले तर उत्तर मिळालं की पाकीट फोडलेला माल स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाही. पाकीट न फोडता गॉगल बसतो की नाही हे कुणी कसं पाहायचं? खोक्यावर नोजपीसची लांबी नाही, वाटीची रुंदी नाही, कड किती मऊ आहे, उथळ खोबणीसाठी आहे की खोल, काहीच नाही. म्हणजे माप छापायचं नाही, घालून बघू द्यायचं नाही, बसला नाही तर परत घ्यायचा नाही, आणि गळला तर दोष ग्राहकाच्या पट्ट्याचा. सिलिकॉन आणि पॉलिकार्बोनेट धुता येतं, निर्जंतुक करता येतं. कोरड्या चेहऱ्यावर क्षणभर दाबून पाहिलेला गॉगल विकण्याजोगा राहत नाही, हे कारण मला पटत नाही. दुकानांना प्रत्येक मापाचा एकेक नमुना गॉगल दिलात तरी हा प्रश्न बराचसा सुटेल.

तेव्हा माझी मागणी अशी. गॉगलची पूर्ण रक्कम परत करा. त्याच मॉडेलचा दुसरा नग मला नको. साचा तोच, नोजपीस तेच, माझं नाकही तेच. माझ्या फोटोंत दिसणारा दोष त्या खेपेतल्या इतर नगांत आहे का ते तपासा आणि असेल तर ज्यांनी ते घेतलेत त्यांना स्वतःहून कळवा. ‘१०० टक्के लीकप्रूफ’ हे शब्द खोक्यावरून काढा, किंवा बदलता येणारी नोजपीस द्या, मापं छापा आणि मग खुशाल ठेवा. आणि आजपासून तुमच्या माणसांना सांगा की गळतीची तक्रार आली तर आधी विचारायचं : कुठल्या कोपऱ्यातून गळतं, पट्ट्याशिवाय वाटी टिकते का, कडेखाली केस किंवा मलम येतं का. पट्टा सगळ्यात शेवटी, आणि तोही बहुधा सैल करायला सांगायचा.

मी ट्रायथलॉन करत राहणार आहे आणि सरावाला माझ्याबरोबर पहिल्यांदाच खुल्या पाण्यात उतरणारी मंडळी असतात. त्यांतल्या काहींना पाण्याची भीती वाटते. डोळ्यांसमोर अचानक पाणी आलं की श्वास चुकतो आणि माणूस घाबरतो, हे मी जवळून पाहिलं आहे. अशा माणसाने तुमच्या खोक्यावरच्या शब्दांवर विसंबून हा गॉगल घालावा, असं मला वाटत नाही, आणि कुणी विचारलं तर मी तसं स्पष्ट सांगते.

बिलाची प्रत, दोन्ही वाट्यांच्या कडांचे फोटो आणि ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार सोबत जोडला आहे. गॉगल माझ्याकडे आहे. तपासणीसाठी हवा असेल तर तुमच्या खर्चाने नेण्याची व्यवस्था करा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं, आणि ते गॉगलच्या रचनेची माहिती असलेल्या माणसाने लिहिलेलं असावं. तसं न झाल्यास ग्राहक तक्रार निवारणाचा मार्ग मी घेईन.

आपली विश्वासू,
एक ट्रायथलीट ग्राहक