मृगाआधी बचाव बोटीचं स्टिअरिंग दुरुस्त व्हायला हवं : मदतीचं आवाहन

सप्रेम नमस्कार,

खडकवासल्याच्या काठावरच्या आमच्या स्वयंसेवी बचाव पथकाकडे इंजिनची एकच बोट आहे, आणि सध्या ती ट्रेलरवर उभी आहे. इंजिन ठणठणीत आहे, बिघडलंय ते हायड्रॉलिक स्टिअरिंग, म्हणजे चाक फिरवलं की तेलाच्या दाबानं सिलिंडरचा दांडा सरकवून इंजिन वळवणारी यंत्रणा. चाक एका टोकाला नेलं की अडायला हवं. ते फिरतच राहतं. मागे जाऊन इंजिन हातानं ढकललं, तर चाक जागेवर आणि इंजिन मात्र सरकतं.

तेलात एअर (हवा) धरली असेल म्हणून आधी ती काढून पाहिली. एकानं चाक फिरवायचं, दुसऱ्यानं सिलिंडरची निपल सोडायची, तिसऱ्यानं वरून तेल ओतत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. सिलिंडरच्या दांड्यावरून बोट फिरवलं की ओशट लागतं, त्यात बारीक गाळ. तेल अडवणारे रबरी सील गेलेत असा आमचा कयास आहे. चाकामागच्या पंपातले व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट बसत नसतील, अशीही शंका आहे.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, ते जुन्या पेठा अजून सांगतात. जुलै 2024 मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, ते तर कालचंच. तशा ओढीत चाक फिरवलं आणि बोट वळली नाही, तर आम्हालाच काढायला दुसरं पथक बोलवावं लागेल.

सील किट, दोन होज (तेलाच्या नळ्या) आणि स्टिअरिंगचं तेल एवढं सामान हवंय. पैसेही चालतील, पावती मिळेल. पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा माणूस हवाय. भोसरी-चाकणला प्रेसचे सिलिंडर रोज खोलणारे कितीतरी जण आहेत. त्यांच्यापुढे आमचा सिलिंडर म्हणजे खेळणं. एखादा रविवार द्या. दांड्यावर चरा पडला असेल तर नुसते सील बदलून भागणार नाही, आणि ते ओळखणारी नजर आमच्यात नाही. होजची टोकं क्रिम्प करून (दाबून पक्की बसवून) देणारं वर्कशॉप कुणाच्या ओळखीत असेल, तर तेही सांगा.

एक विनंती : प्रेमापोटी ब्रेक ऑइलचे डबे आणू नका. त्यानं आतले रबरी सील फुगतात आणि उरलंसुरलं स्टिअरिंगही जातं.

सामान संध्याकाळी पथकाच्या खोलीवर द्यावं. दुरुस्तीला येणाऱ्यांनी दोन दिवस आधी कळवावं, म्हणजे सिलिंडर उतरवून पुसून ठेवता येईल.

आपले,
पथकाचे कार्यकर्ते