शेंदऱ्याचं नाव विचारणाऱ्या दादांना

दादा,

परवा आईनं शेंदऱ्या खाल्ला, तुम्ही बांधून दिलेल्या कलमाचा आंबा. एवढंच सांगायला तुम्हाला फोन लावला होता, पण तुमचा आवाज ऐकला आणि रडू फुटलं, पुढचं काही बोलता आलं नाही. तुम्ही घाबरलात, "काकी बऱ्या हायत ना?" म्हणून दोनदा विचारलंत. बऱ्या आहेत. खूप बऱ्या आहेत. फोनवर राहून गेलेलं सगळं आज लिहून काढते आहे. चार लोकांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्ही ते नको म्हणता.

लावणीनंतरचं हे पाचवं वर्ष. आधीची दोन वर्षं तुम्ही सांगितल्याप्रमाणे मोहर खुडून टाकला. बोटं चालत नव्हती तेव्हा, तरी खुडला. यंदा ठेवला. पुण्यातली कोरडी हवा, मार्चपासूनचं भाजणारं ऊन, यात बराचसा गळाला. तेरा फळं धरली, त्यातली नऊ हाताशी आली. मेच्या शेवटी खांद्यावर शेंदूर चढला. तोच रंग, दादा. देठापासून उतरत जाणारा, एका बाजूला जास्त. आईनं फळ हातात घेतलं, देठाशी नाक नेलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिली. मग दोन्ही तळव्यांत घोळवून मऊ केलं, देठ काढलं, पहिला चीक पिळून टाकला आणि चोखलं. ब्याऐंशीव्या वर्षी, कोपरापर्यंत रस ओघळत. मग म्हणाली, "हाच."

हा एक शब्द ऐकायला मिळाला तो तुमच्यामुळे.

३ जून २०२० ची दुपार तुम्ही विसरणार नाही, मीही नाही. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूनं किनाऱ्यावर चढलं. ताशी ११०-१२० किलोमीटरचा वारा. आमचं दापोली तालुक्यातलं गाव त्याच्या दाढेतच होतं. मी पुण्यात, आई गावी एकटी, फोन बंद, वीज नाही, वर टाळेबंदी. चार दिवस मला आई आहे की नाही हे कळलं नव्हतं. ती माजघरात देवघराच्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं आवाज ऐकला होता. पागोळीपलीकडचा शेंदऱ्या आडवा झाला तो आवाज. माझ्या पणजोबांच्या आधीचं झाड. त्याची साठं, म्हणजे रसाच्या पोळ्या, वाळत घातली की मे महिना सुरू झाला असं आम्ही समजायचो, आणि कोयाडं, म्हणजे आंब्याचं कालवण, करायचं तर त्याच आंब्यांचं.

त्या झाडासाठी मी आदल्या वर्षी धडपड केली नव्हती असं नाही. झाड म्हातारं झालंय, एक फांदी वाळलीय, हे दिसत होतं. कोय लावून भागत नाही हे मला ठाऊक होतं. आंब्याच्या कोयीतून येणारं रोप म्हणजे आईबरोबर कुठल्या तरी अनोळखी बापाचंही लेकरू. चव, रंग, आकार यांतलं काय उतरेल याची शाश्वती नाही. तेच झाड हवं तर त्याचीच काडी खुंटावर, म्हणजे दुसऱ्या आंब्याच्या रोपावर, बांधावी लागते. म्हणून एका रोपवाटिकेत गेले. तिथल्या माणसानं पहिल्यांदा विचारलं, "रायवळच ना? त्यापेक्षा हापूसची देतो की, दोन घ्या." रायवळ म्हणजे कोयीतून आलेला गावठी आंबा. मी हट्ट धरला तेव्हा आगाऊ पैसे घेतले, काड्या नेल्या आणि तीन महिन्यांनी दोन पिशव्या हातात ठेवल्या. मी त्या पुण्याला आणल्या, जपल्या, पाणी घातलं. एकातली वरची काडी काळी पडली, पण खालून तरतरीत फुटवा आला. फोन केला तर म्हणाले, "जगलं की कलम, खत घाला." मी खत घातलं. वर्षभर घातलं. तुम्ही नंतर पाहिलंत आणि हलक्या आवाजात सांगितलंत, "ताई, ह्यो फुटवा जोडाच्या खालनं आलाय. जोडाखालचं सगळं खुंटाचं. तुमचा आंबा वरनं कधीच गेला." दुसऱ्या पिशवीत तर जोडच नव्हता. नुसतं रोप होतं, वर पट्टी गुंडाळलेलं.

मला पैशांचं वाईट वाटलं नाही. त्या माणसाला जोड फसल्याचं दिसत होतं आणि तरी त्यानं मला खत घालायला सांगितलं, हे अजून घशाखाली उतरत नाही. "नाही जमलं, पुढच्या पावसाळ्यात परत करून देतो" एवढं म्हणाला असता तर मी पुन्हा काड्या दिल्या असत्या. तो पावसाळा हातचा गेला आणि पुढचा पावसाळा येण्याआधी वादळ आलं.

वादळानंतर दोनच दिवसांनी लाकडाचा व्यापारी अंगणात आला. छपरावरची कौलं फुटलेली, घरात पाणी, आणि हा माणूस टेप लावून बुंध्याचा घेर मोजतोय. आई सांगते, त्यानं तिला पाणी हवंय का, जेवलीस का, इतकंही विचारलं नाही. दर सांगितला आणि उद्या करवत आणतो म्हणाला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. रस्ते झाडांनी अडलेले, तुम्ही चालत आलात. तुमच्याही घराचं अर्धं छप्पर उडालेलं, कामाला जात होतात तिथली शेड जमीनदोस्त. हे आईला नंतर तिसऱ्याकडून कळलं. तुम्ही आलात ते आधी तिच्या चुलीत जाळ आहे का ते बघायला. मग झाडाकडे गेलात. आई सांगते, तुम्ही बुंध्याकडे पाहिलंच नाहीत, वाकून मुळं पाहिलीत. अर्धी मुळं अजून मातीत होती. पानं कोमेजली नव्हती. "काकी, ह्याचा जीव हाय अजून," म्हणालात. खालच्या अंगाच्या दोन फांद्यांवरच्या जून काड्या निवडल्यात, त्यांची पानं खुडलीत, देठं तेवढी ठेवलीत आणि म्हणालात, "आठ दिस ह्या बाजूला करवत लागू देऊ नका. डोळे फुगतील, मग मी येतो." व्यापाऱ्याला आईनं सांगितलं, आठ दिवसांनी ये. ऐकेना, तेव्हा सांगितलं, येऊच नको.

आठव्या दिवशी मी पास मिळवून गावी पोचले होते, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. तुम्ही डोक्यावर टोपली घेऊन आलात. टोपलीत ओल्या गोणपाटात पंचवीस रोपं, कोयीसकट. पंधरवड्याचीही नसतील, पानं अजून तांबूस. कोय कलमाला अशीच लागतात हे मला तेव्हा कळलं. जोड कसा बांधलात ते मी इथे लिहीत बसत नाही. तो हात तुमचा आहे, लिहून कुणाला येणार नाही. एवढंच सांगते की पाचर तासताना तुम्ही श्वास धरत होतात आणि पट्टी घट्ट बसली की सोडत होतात. पंचवीस वेळा. पडवीत पाऊस आत येत होता, म्हणून आई तुमच्या पाठीशी छत्री धरून उभी होती.

आणि मग ते झालं, ज्यासाठी खरं तर हे पत्र आहे.

पिशव्या ओळीनं लावून झाल्यावर तुम्ही हात धुतलेत आणि आईला विचारलंत, "काकी, ह्या आंब्याला घरात काय म्हंतात?"

दादा, तोवर कुणीच हे विचारलं नव्हतं. रोपवाटिकेतल्या माणसाला तो रायवळ होता. व्यापाऱ्याला घनफूट होता. पंचनाम्याला आलेल्यांना एक झाड होता, आडवं पडलेलं, नग एक. मलासुद्धा त्या दिवसांत तो एक तोटाच वाटायला लागला होता. तुम्ही विचारलंत तेव्हा आई पहिल्यांदा रडली. वादळात रडली नव्हती, छप्पर गेलं तेव्हा नाही, मला पाहिल्यावरही नाही. "शेंदऱ्या," म्हणाली. "माझ्या सासूबाई म्हणायच्या. त्यांच्या सासूबाईही म्हणायच्या."

तुम्ही अंगणात उडून आलेला पत्रा उचललात, कात्रीनं त्याचे तुकडे केलेत, खिळा घेतलात आणि प्रत्येक तुकड्यावर नाव कोरायला बसलात. पंचवीस तुकडे. "ऱ्या" तुम्हाला जमेना. रफार वर गेला आणि "शेंदर्या" उमटलं. आईनं छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे. दुकानाच्या पाटीवरची चूकही ती दुकानदाराला सांगितल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दिवशी ती काही बोलली नाही. तुम्ही तुकडे तारेनं बांधत गेलात आणि ती एकेक वाचत गेली.

मी नंतर याचा खूप विचार केला. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानं काढलेला रत्ना १९८१ साली लोकांच्या हाती आला, त्याची नोंद आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंद आहे, आणि ती असायलाच हवी. पण आमच्या तालुक्यात घराघरामागे एकेक रायवळ उभा होता. कुणाची गोटी, कुणाचा साखऱ्या, कुणाची बिटकी. ती नावं कुठल्या कागदावर नव्हती, त्या घरांतल्या बायकांच्या तोंडी होती. त्या एका दुपारी किती नावं गेली असतील! झाडं मोजली गेली, नावं कुणी मोजली नाहीत. आमचं एक नाव राहिलं, कारण गावात एका माणसाला ते विचारावंसं वाटलं.

त्या दिवसांत चांगली माणसं आणखीही भेटली, हे लिहायला हवं. शेजारच्या वाडीतल्या मुलांनी करवती नसताना कोयत्यांनी रस्ता मोकळा केला. ज्यांच्याकडे आमचं वर्षानुवर्षं येणंजाणं नव्हतं त्यांनी आईला रोज भाकरी पाठवली. मुंबईहून आलेल्यांना लोक वेशीवर अडवत होते त्या काळात हे चाललं होतं. मोठमोठी मदत जाहीर होत होती, ती आली तेव्हा आली. पण तोवर घर तगून राहिलं ते भाकरी, कोयते आणि एक प्रश्न यांवर.

आणि तुमचा हिशेब. पंचवीसपैकी अकरा जगली. पडलेल्या झाडाच्या काड्या, त्यात सावलीची जाळी नाही, तरी अकरा. मी पंचवीस कलमांचे पैसे पुढे केले, तुम्ही मोजून अकरांचे घेतलेत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणालात, "मेल्याचे कसे घेऊ?" मला त्या पहिल्या माणसाची आठवण झाली आणि मी गप्प बसले.

आता त्या अकरांचं सांगते, तुम्हाला सगळ्यांचं ठाऊक नसेल. चार गावच्या अंगणात आहेत, त्यातलं एक जुन्या झाडाच्या खड्ड्याजवळच, तुम्ही नको म्हणत होतात तरी आईनं तिथे लावलं, आणि ते सगळ्यांत उंच झालं आहे. तीन चुलतभावांकडे. दोन शाळेच्या आवारात, पैकी एक गुरांनी खाल्लं. एक तुमच्याकडे, तुम्ही ते मागून घेतलंत याचा मला फार आनंद आहे. आणि एक इथे, पुण्यात आमच्या घरामागे, दहा बाय बाराच्या तुकड्यात. जोड मातीच्या वर चांगला वीतभर ठेवला आहे. खालून फुटवा दिसला की त्याच दिवशी काढते, त्या बाबतीत मी आता फार कडक आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे जोडाची पट्टी वेळेवर सोडली होती. तिची खूण अजून बुंध्यावर दिसते, बारीक वळी. आईचे गुडघे गेल्यापासून ती इथेच असते. सकाळी खुर्ची घेऊन झाडाशी बसते आणि पत्र्याचा तुकडा पुसते. तार मी दोनदा सैल केली, खोडात रुतू नये म्हणून. पत्रा गंजला आहे, पण अक्षरं वाचता येतात.

पहिल्या फळाची कोय तिनं टाकू दिली नाही. मी म्हटलं, हिच्यातून शेंदऱ्या यायचा नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. खुंट होईल. त्याला लागतात ना खुंट."

नऊ कोया धुऊन ओल्या वाळूत ठेवल्या आहेत, दादा. पंधरा जूनच्या आत घेऊन येतो. आईही येणार म्हणते.

तुमची,
शेंदऱ्याच्या घरची लेक