ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत, त्यांना

आमची लेक आठवीत आहे. तिला जन्मापासून दिसत नाही. सातवीपर्यंत तिचे डोळे म्हणजे मीच. ब्रेल येतं तिला, पण प्रत्येक पुस्तक ब्रेलमध्ये आणणार कुठून? मग लॅपटॉपवर एनव्हीडीए घातलं. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली सुरू केलेला हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, मराठीही वाचतो. आवाज मात्र नाकातला. लेकीने त्याचं नाव ठेवलं 'सर्दीकाका'.

पहिलाच धडा उघडला आणि सर्दीकाका बरळायला लागले. फाइल जुन्या फॉन्टमधली. डोळ्यांना चक्क मराठी, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी. पोरगी रडली नाही, नुसती लॅपटॉप मिटून बसली. ते जास्त लागलं.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं, तर तीन दिवसांत अख्खं पुस्तक युनिकोडमध्ये, म्हणजे सर्दीकाकांना कळतील अशा खऱ्या मराठी अक्षरांत, हजर! रात्री दीड वाजताही धडे येत होते. कुणीतरी आकृत्यांचं वर्णनसुद्धा लिहिलं होतं : "डावीकडे मूळ, त्याला केसांसारखे बारीक तंतू." हे सुचतं कसं हो तुम्हाला? आणि सर्दीकाकांना हुकूम द्यायच्या इन्सर्टच्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा चिकटवून देणारे, पैसे न घेणारे ते दुकानदारदादा!

परवा ती इअरफोन लावून वाचत होती. म्हणाली, "आई, तू झोप." खरं सांगते, क्षणभर वाईटच वाटलं, माझी नोकरीच गेली की! मग ती एकटीच कशाला तरी खुदकन हसली. कशाला, ते मला सांगितलं नाही.

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.