बांगडीची निशाणी

शरणपूर रोड, नाशिक
दि. १८ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

पणजोबांचा शोध मी सोडून दिला काय, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. खरे सांगायचे तर सोडलाच होता. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतील बाप्तिस्मा रजिस्टरात त्यांची १८७८ सालची नोंद मिळाली तेव्हा मी रात्री अकरा वाजता तुला फोन करून उठवले होते. पण त्या नोंदीत मूळचे नाव, नवे नाव, ‘वय सुमारे नऊ’ आणि गाव एवढेच होते, आणि आईबापांचा रकाना कोरा होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात पोरकी होऊन मिशनच्या आश्रयाला आलेल्या मुलांपैकी ते असावेत. तरीही नऊ वर्षांच्या मुलाला बापाचे नाव ठाऊक नसेल, हे मला पटत नाही. लिहिणाऱ्याने विचारलेच नसावे.

गावाच्या नावाने मला त्याहून अधिक फसवले. इंग्रजी अक्षरांत तेथे ‘चांदोर’ असे होते. शेवटचा स्वर लेखनिकाकडून राहिला, अशी समजूत करून घेऊन मी निफाड तालुक्यातील चांदोरी धरून बसलो, दोन वर्षे त्या गावात खेटे घातले, मोडीतली कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, पदरचे पैसे देऊन वाचून घेतली आणि हाती काही लागले नाही. मधल्या काळात तुझ्या सांगण्यावरून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील नकलांचीही चौकशी केली. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती तेथे आहेत, परंतु त्या प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या. दुष्काळात आलेल्या पोरांसाठी तिकडे कोण कागद धाडणार?

वाट सापडली ती विवाह रजिस्टरात. ते मी पूर्वीही पाहिले होते, पण वर-वधूंच्या नावांपलीकडे नजर गेली नव्हती. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार लागतात, आणि पणजोबांच्या लग्नाला दुसरी साक्षीदार एक बाई होती. तिला लिहिता येत नव्हते, म्हणून तिच्या नावापुढे बांगडी काढलेली आहे. जुन्या कागदांत कुणब्याची निशाणी नांगर आणि बाईची बांगडी, हे तूच मला कधी तरी सांगितले होतेस. त्या बांगडीशेजारी देशी पाळकाने स्वच्छ बाळबोधीत लिहिले आहे : अमुक कोम अमुक, वराची थोरली बहीण, मुक्काम चांदवड. मी तो शब्द तीनदा वाचला. घरी येऊन १८८३ चे नाशिक जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले, तर इंग्रज सरकार चांदवडलाच चांदोर म्हणत होते! ही गोष्ट जिल्ह्यात जन्मलेल्या मला आधी सुचू नये, याची लाज अजून वाटते.

‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे तुला सांगायला नको. त्या एका शब्दाने बहिणीचे सासर कळले. चांदवडला त्या घरातील आजींनी मला ओसरीवर बसवून, चहा पाजून, त्यांच्या आजेसासूबाईंच्या माहेरचे आडनाव सांगितले आणि पुढे रामकुंडावर जाण्याचा सल्लाही त्यांनीच दिला. तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने लावलेल्या असतात. यात्रेकरू आला की तो आपले, वाडवडिलांचे आणि भावांचे नाव लिहवून ठेवतो. आम्ही पाच पिढ्यांचे ख्रिस्ती, त्यामुळे आपली नावे पंचवटीत असतील असे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आले नव्हते. पण धर्म पणजोबांनी बदलला होता, त्यांच्या भावाने नव्हे. भाऊ आईबापांच्या अस्थी घेऊन गोदावरीवर आला होता आणि त्याने धाकट्या भावाचे मूळचे नाव, वेगळे काही न म्हणता, आपल्या नावाखाली लिहवून ठेवले होते. उपाध्यायांनी बोट ठेवून ते दाखवले तेव्हा मला काही वेळ बोलता आले नाही.

कोऱ्या रकान्यांचा विचार करताना शरणपूरची आफ्रिकी मुले मला वारंवार आठवतात. १८५४ मध्ये वसलेल्या त्या वस्तीत पुढे अरबी गलबतांवरून सोडवलेली गुलाम मुले आणून शिकवली गेली. त्यांच्यापैकीच जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत वारलेल्या लिव्हिंग्स्टन या शोधप्रवाशाच्या शवासोबत लंडनपर्यंत गेला. त्या मुलांच्या वंशजांनी कोणत्या रामकुंडावर जावे? मला निदान चांदवड तरी होते, आणि तेही एस.टी.ने दोन तासांवर.

आता तुझे काम. वहीतील त्या नोंदीचा फोटो पत्रासोबत पाठवत आहे. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे, तरी चौथ्या ओळीत ‘बिन’ (अमक्याचा मुलगा) नंतरची अक्षरे मला दोन प्रकारे तोडता येतात आणि दोन निरनिराळे खापरपणजोबा मिळतात. भिंग घेऊन नीट पाहा आणि नाताळला येशील तेव्हा सांग. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
शरणपूरकर