‘टेन्शन घेऊ नको’ला पर्याय देणाऱ्या समुपदेशक मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

परीक्षा तोंडावर आल्या की “सर, डोकंच चालेना बघा” म्हणत पोरं दारात उभी राहतात. “टेन्शन घेऊ नको” हे आम्हा मेंटर शिक्षकांचं ठरलेलं उत्तर. ते तुम्ही बंद केलंत आणि तीन प्रश्न हातात दिलेत: काल झोप किती वाजता लागली? शेवटचा चहा कधी झाला? आणि नेमकं काय अडलंय? त्याचे आभार उघड पत्रातून मानतोय, म्हणजे बाकीच्या कॉलेजांतही ते प्रश्न पोचतील.

पहिल्या दोनांतच बरंच सापडतं. कॅफीन निम्मं उतरायला साधारण 5 तास लागतात, म्हणजे संध्याकाळी 7च्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री 12 वाजताही अंगात असतं. म्हणून दुपारी 3 नंतर चहा-कॉफी नाही. होस्टेलवर झोपायची वेळ पाळणं अवघड, तेव्हा उठायची वेळ पक्की करायची, रविवारीसुद्धा. 20 मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून बसायचं. लोळत राहिलं की अंथरूण ही काळजी करायची जागा होऊन बसते.

श्वासाचं म्हणाल तर 4 मोजत नाकाने आत, 6 मोजत बाहेर, असं 5 मिनिटं. सोडणं लांब, कारण श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. पोरं नेमकं उलटं करतात, छाती फुगवून भराभर ओढतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि “मला काहीतरी होतंय” म्हणून भीती दुप्पट. ‘खोल श्वास घे’ एवढंच सांगणं किती अर्धवट आहे, ते तुमच्यामुळे कळलं.

तिसरा प्रश्न मात्र खास आपल्या सीमाभागाचा. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे विषय इंग्रजीत, ऑफिसातला कागद कन्नडमध्ये. विषय कळतो, शब्द अडतो. पोरगं समजतं, आपलं डोकंच कमी. त्यावर तुमची मराठी, कन्नड, इंग्रजी अशा तीन रकान्यांची वही: मागणी, बेडिके, डिमांड; पुरवठा, पूरैके, सप्लाय. रोज 10 शब्द, जास्त नाहीत. दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी रकाना झाकून आठवायचे. नुसतं वाचलं की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात हात थांबतो. खानापूरहून निघून बेळगावात बस बदलून भूतरामहट्टीला जाणाऱ्यांना गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, पण ही झाकाझाकी उभ्या उभ्या जमते.

कधी अडलेली गोष्ट म्हणजे पैसाच असतो. उसाचं बिल यायचंय आणि परीक्षा फीची तारीख उद्यावर! तिथे श्वास मोजून काय होणार? तारीख उलटायच्या आत मुदतीसाठी लेखी अर्ज द्यायचा. शिष्यवृत्तीचा फॉर्म भरण्याआधी आधार कार्डावरचं आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघायचं. मराठी आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं, हे आपल्याकडे फार.

आणि कुठे थांबायचं तेही तुम्हीच शिकवलंत. झोप, भूक आणि कशातच रस नसणं दोन आठवडे टिकलं, किंवा कुणी जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं, तर वही बाजूला. सरळ विचारायचं, “जीव द्यायचं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी एकटं सोडायचं नाही, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावायचा. 2022 पासून तो चोवीस तास, विनामूल्य चालू आहे. पुढे जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आपण सोबत जायचं. नुसती चिठ्ठी हातात दिली की ती दप्तरातच राहते.

वाणिज्य शाखेची वही भरत आली आहे. विज्ञानाचे कन्नड शब्द कन्नड विभागाकडून तपासून घेतले आहेत. पुढच्या खेपेला याल तेव्हा एकदा नजरेखालून घालाल ना?

आपले कृतज्ञ,
मेंटर शिक्षक, बेळगाव