पहिले दोन दिवस लेहमध्येच

रेल्वे लाइन्स, सोलापूर
दि. १३ एप्रिल

चि. अमोल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री फोन तू ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारणार नाही. पत्र लिहिण्याचे कारण एवढेच की फोनवर माझा आवाज चढतो, तुझी उत्तरे तुटक होतात आणि कामाची गोष्ट राहून जाते. ‘आई, तू आता खिडकीवर नाहीस, सगळे मोबाइलवर होते,’ असे तू म्हणालास, ते खरेच आहे. आरक्षणाच्या खिडकीमागे चौतीस वर्षे बसलेल्या बाईला दुसऱ्याच्या प्रवासात नाक खुपसण्याची खोड लागते आणि निवृत्तीनंतर ती पेन्शनबरोबर घरी येते. मात्र त्यापुढे बाबांविषयी तू जे बोललास, ते मला लागले. त्याविषयी पुढे लिहिते.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेला कार्यक्रम मी तीनदा वाचला. शनिवारी सकाळी लेहला उतरायचे, रविवारी खारदुंगला खिंड ओलांडून नुब्रा खोरे, मंगळवारी पँगाँग तळे, असे सगळे तासांनिशी मांडले आहेस आणि चिऊच्या दुपारच्या झोपेची वेळही त्यात धरली आहेस. मी तो कागदावर उतरवून बाबांना दाखवला, तेव्हा ‘पोरगा तुझ्यावर गेला,’ एवढे बोलून त्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला. मला बरे वाटले, हे कबूल करते. फक्त शनिवार आणि नुब्रा यांच्यामध्ये एक दिवस कमी आहे. माझे म्हणणे तेवढेच आहे. ते एकदा सांगते आणि दुसऱ्या विषयाकडे वळते.

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, पुणे ५६० मीटरच्या आसपास आणि लेह ३,५०० मीटरवर. विमान तुम्हाला दिल्लीहून दीड तासाच्या आत तिथे नेऊन सोडते, पण शरीराला ती उंची पचवायला वेळ लागतो. म्हणून विमानाने जाणाऱ्याने पहिले दोन दिवस लेहमध्येच काढावेत, पहिल्या दिवशी तर खोलीतून फारसे बाहेरही पडू नये, असे तिथले डॉक्टर आणि तिथले टॅक्सीवाले दोघेही सांगतात. खारदुंगला ५,३०० मीटरहून उंच आहे. तिथल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेले असे आणि प्रत्यक्ष मोजणीत ती उंची सुमारे ८०० फुटांनी कमी भरली, हे तू मला मागे मोठ्या उत्साहाने सांगितले होतेस. परंतु माणसाच्या छातीला त्या ८०० फुटांनी काही फरक पडत नाही. नुब्रा आधी आणि पँगाँग नंतर हा तू लावलेला क्रम मात्र अगदी बरोबर आहे. नुब्रातील डिस्किट आणि हुंडर ही गावे लेहपेक्षाही थोडी खाली, ३,१०० मीटरच्या आसपास आहेत, तर पँगाँगच्या काठी ४,२०० मीटरहून अधिक उंचीवर झोपावे लागते. दिवसा आपण कुठवर चढलो यापेक्षा रात्री कुठे झोपलो, याला महत्त्व असते. तू हे वाचूनच क्रम लावला असणार. मग ज्याने एवढे वाचले, त्याने त्याच पानावरचे दोन दिवस विश्रांतीचे वाक्य का गाळावे, हे मला समजत नाही.

रजा कमी आहे, हे मला ठाऊक आहे. तीन वर्षांनी आठ दिवस मिळाले आहेत, नाहीतर श्रीनगरहून रस्त्याने जा असाच हट्ट मी धरला असता. श्रीनगर १,६०० मीटरच्या आत, मग मुक्काम कारगिलला सुमारे २,७०० मीटरवर आणि त्यानंतर लेह, अशी ती वाट शरीराला सवड देत वर नेते. मनालीची वाट तशी नाही. त्या वाटेवर सरचूला मुक्काम केला, तर लेहपेक्षाही उंचावर रात्र काढावी लागते. पण तुझी विमानाची तिकिटे झाली आहेत, म्हणून हा विषय इथे सोडते.

आता उटीचे. ‘बाबांसारखा मी औषध घरी विसरणार नाही,’ असे तू काल म्हणालास. अमोल, औषध बाबा विसरले नव्हते. १९९१ च्या मे महिन्यात आपण निघालो, तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. पिशव्या मी भरल्या होत्या. पासावर दोन माणसे आणि एक मूल अशी नोंद मी स्वतः तपासली, डब्यातील बर्थचे क्रमांक माझे पाठ होते, थर्मास, चटणी, दशम्या, तुझी माकडटोपी, सगळे घेतले आणि दम्याच्या औषधाची बाटली स्वयंपाकघराच्या दाराआडच्या फळीवर राहिली. दुपारी निघताना शेवटचा डोस दिला आणि बाटली हाताला सवयीने जिथे ठेवायची तिथेच ठेवली. मेट्टुपालयमहून त्या दात्यांच्या रुळावरच्या छोट्या गाडीत तू खिडकीतून हटायला तयार नव्हतास. ४६ किलोमीटरच्या त्या वाटेवर प्रत्येक बोगद्यात तू ओरडत होतास आणि मागच्या बाकावरचे कॉलेजचे मुलगे तुला साथ देत होते. त्याच रात्री दीडच्या सुमारास तुझ्या छातीत घरघर सुरू झाली. लॉजच्या माणसाने पाणी गरम करून द्यायला आधी पैसे मागितले. बाबांनी तुला शालीत गुंडाळून खांद्यावर घेतले आणि ते उताराच्या रस्त्याने निघाले, मी मागून एका पायात तुझ्या बाबांची आणि एका पायात माझी चप्पल घालून धावत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी ‘औषध कुठे आहे?’ असे विचारले. मी तोंड उघडण्यापूर्वी बाबा म्हणाले, ‘माझ्याकडून राहिले.’ त्यानंतर माझ्या माहेरी, त्यांच्या घरी, शालिनीताईंच्या लग्नात, जिथे जिथे उटीची गोष्ट निघाली तिथे त्यांनी तेच सांगितले, आणि मी कधी दुरुस्ती केली नाही. ती आज करते.

हे तुला दुखवण्यासाठी लिहिलेले नाही. तुझा दमा आता आटोक्यात आहे. आपल्या डॉक्टरांना मी परवा विचारले, तेव्हा नियमित औषध चालू असेल तर जाण्यास हरकत नाही, असेच ते म्हणाले. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रोजचा पंप तिथे एकही दिवस चुकवायचा नाही. तातडीचा पंप सामानात न टाकता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवायचा, कारण थंडीने गारठला तर त्यातून औषध नीट येत नाही. आणि उंचीवर त्रास होऊ नये म्हणून लोक ॲसिटाझोलामाइडची गोळी घेतात, ती मित्राच्या पाकिटातून उचलून घ्यायची नाही. ती सल्फा वर्गातली आहे आणि तुला चौथीत सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ उठला होता, हे तुझ्या पुण्याच्या डॉक्टरांना कदाचित माहीतही नसेल. चिऊसाठी तर तिच्याच डॉक्टरांना वेगळे विचार. पाच वर्षांचे मूल ‘डोके दुखते’ असे सांगत नाही, ते किरकिर करते, जेवण ढकलते आणि आपण त्याला प्रवासाचा शीण समजतो. तसे झाले तर पुढे जायचे नाही, आणि थांबूनही बरे वाटत नसेल तर गाडी खाली वळवायची. हॉटेलचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले तर बुडू देत.

मी पुन्हा तिथेच आले, ते माझ्या लक्षात आले आहे. आता बाकीचे.

चौतीस वर्षांत मी खिडकीतून एक गोष्ट पाहिली. जाण्याचे तिकीट हाती आले की माणसाला अर्धा प्रवास झाल्यासारखे वाटते आणि परतीचे तो ‘बघू’ म्हणून सोडून देतो. मी प्रत्येकाला ‘परतीचे काय?’ असे विचारत असे, म्हणून मागे रांगेतले लोक वैतागत. तुझे परतीचे लेह ते दिल्ली विमान आणि दिल्ली ते पुणे विमान एकाच दिवशी आहे आणि दोन्ही तिकिटे वेगवेगळी काढलेली आहेत. लेहची विमाने वाऱ्यामुळे बहुतेक सकाळीच उडतात आणि हवा बिघडली की रद्द होतात. दोन्ही तिकिटे एकाच पीएनआरवर असतील, तर पुढच्या प्रवासाची सोय करणे कंपनीवर येते. वेगळी असतील, तर चुकलेले विमान आपल्या खिशातून जाते. शक्य असेल तर पुण्याचे तिकीट एक दिवस पुढे ने. नसेल, तर दिल्लीहून रेल्वेचा विचार आताच करून ठेव. साधे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यामुळे मे महिन्याच्या गाड्या आता भरलेल्या असणार. तत्काळ आदल्या दिवशी उघडते, एसीचे सकाळी १० वाजता आणि स्लीपरचे ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले लागते, तेव्हा ते काम ऐनवेळी लेहच्या नेटवर्कवर करत बसू नकोस, या आठवड्यात करून टाक. आणि चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलेल्या ऑनलाइन तिकिटावर गाडीत बसता येत नाही, ते आपोआप रद्द होते. ‘टीसीला भेटू’ हे आपल्या जुन्या दिवसांतले शहाणपण आता चालत नाही.

नेटवर्कवरून आठवले. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तुझे पोस्टपेड आहे, मेघनाचे नाही. चिऊ तिच्याजवळ असणार, म्हणून निघण्यापूर्वी तिचेही बदलून घे. लेह सोडल्यावर एटीएमवर विसंबू नकोस, रोख जवळ ठेव. टॅक्सीचे दर तिथल्या युनियनने ठरवून छापलेले असतात, ते दरपत्रक आधी पाहिलेस तर घासाघीस करावी लागणार नाही. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या पिशवीत घे. हॉटेलला किंवा विमान कंपनीला फोन करायचा असेल तर तो नंबर तिकिटावरून किंवा त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घे. इंटरनेटवर शोधून जो पहिला नंबर दिसतो तो ठगाचा असू शकतो. आपल्या खालच्या मजल्यावर हे घडून गेले आहे आणि ती माणसे तुझ्या-माझ्याहून अडाणी नव्हती.

तुझे मित्रही बरोबर आहेत, म्हणून एक लिहिते. पहिल्या दोन रात्री दारूला हात लावू नका. उंचीवर ती झोप आणि श्वास दोन्ही बिघडवते. चाळीस वर्षांच्या मुलाला आई हे लिहिते आहे, याची मला लाज वाटते आणि तरीही मी ते खोडत नाही. तात्यांच्या वेळचे तुला ठाऊक आहे. क्षमा कर, हा परिच्छेद मेघनाला वाचून दाखवू नकोस.

गुरुवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने शेजारचा मुलगा पुण्याला येतो आहे. त्याच्याबरोबर शेंगाचटणीचे दोन पुडे आणि कडक भाकरी पाठवते. भाकरी मोडक्या आल्या तर त्याला बोलू नकोस, त्या चटणीत कालवून अधिक चांगल्या लागतात. चादर पाठवणार होते, पण ‘लेहच्या हॉटेलात ब्लँकेट असतात आणि विमानात वजन मोजतात,’ असे बाबांनी सांगितले, म्हणून ती बाहेर काढली. चिऊला माझा पापा. इथे पारा चाळिशीला टेकला आहे आणि आम्ही दुपारी बाहेर पडत नाही.

तुझी,
आई

ता. क. पत्र बाबांना वाचायला दिले. उटीच्या परिच्छेदापाशी ते बराच वेळ थांबले, मग चष्मा पुसून म्हणाले, ‘हे कशाला लिहिलेस?’ आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, ‘त्याला म्हणावे, रविवारचे नुब्रा सोमवारवर ढकल आणि पँगाँगचा मुक्काम गाळ.’ असे केलेस, तर तळे या खेपेला राहील, पण परतीची तारीख बदलावी लागणार नाही. नवा कार्यक्रम पाठव, मी तो पुन्हा कागदावर उतरवून घेईन.