14 नंबरच्या कॅसेटवर कोण गातंय?

पुणे, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. नमस्कार.

वायफायवरून गाणं आणून आपल्या ॲम्प्लिफायरला देणारी डबी मी पाठवली, तिचं खोकं पोचलं, पण बाबांनी अजून फोडलेलं नाही, असं आईने काल सांगितलं. फोनवर हा विषय काढला की बाबा "हां, बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. म्हणून हे पत्र. आलेलं पत्र न वाचता ठेवणं बाबांना जमत नाही.

बाबा, तुमचा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. दिवाळीत मी मोबाइलवरून त्या लोणच्याच्या बरणीएवढ्या स्पीकरवर यमन लावला आणि दोन मिनिटांत तुम्ही म्हणालात, "जवारी मेलीय याची." जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या तारेची ती भरलेली गुंज. मिरजेत तानपुरेवाल्यांच्या शेजारात जन्म काढलेल्या माणसाशी जवारीवरून वाद घालण्याएवढी मी मोठी झालेले नाही. तुमचं बरोबरच होतं. फक्त चोर दुसराच होता. ते ॲप फुकटचं. सीडीवर दर सेकंदाला 1,411 किलोबिट माहिती असते, त्यातला जेमतेम दहावा हिस्सा त्यातून येत होता. पुढे ब्लूटूथने त्यालाही आणखी कात्री लावली, आणि उरलंसुरलं त्या बरणीतून बाहेर पडलं. एवढ्यातून जवारी कशी वाचणार?

आता जे पाठवलंय त्यात यातलं काहीच नाही. लॉसलेस म्हणतात त्याला. गोधडी घट्ट गुंडाळून ट्रंकेत बसवावी आणि बाहेर काढल्यावर तीच गोधडी टाक्यासकट अंगावर घ्यावी, तसं. एमपी3 मध्ये गोधडी ट्रंकेत मावावी म्हणून कडा कापतात, आणि "अंगावर घेतल्यावर कळणार नाही" म्हणतात. बऱ्याचदा खरंच कळत नाही. जास्त कापली की तानपुऱ्यात कळतं. पूर्वी या लॉसलेसला वेगळे, जास्त पैसे पडायचे. 2021 मध्ये ॲपलने ते नेहमीच्या वर्गणीतच द्यायला सुरुवात केली, आणि आता ते चैनीचं राहिलेलं नाही.

दुकानदार 24 बिट, 192 किलोहर्ट्झ असले आकडे सांगतात, त्यांच्या नादी लागू नका. सीडीचे 44.1 किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 44,100 वेळा आवाजाची नोंद. त्यातून त्याच्या निम्म्यापर्यंत, सेकंदाला साधारण 22 हजार कंपनांपर्यंतचा आवाज पकडता येतो. माणसाचा कान तरुणपणीसुद्धा 20 हजारांच्या पुढे जात नाही, आणि आपल्या तिघांचे तर कधीच खाली उतरलेत. त्या आकड्यांपेक्षा मूळ तबकडीवरून कॉपी कुणी आणि कशी केली याने जास्त फरक पडतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्या ऐकून बघा. एकच ध्वनिमुद्रण दोन-तीन ठिकाणी सापडतं. एकीत खरखर आहे पण गळा जिवंत, दुसरीत खरखर इतकी घासून काढलीय की खाँसाहेब पडद्याआडून गातायत असं वाटतं. कॉपी करताना तबकडीचा वेग चुकला असेल तर पट्टीच बदलते. ते मला कळत नाही, तुम्हाला कळेल. तुम्ही कुठली ठेवायची ते सांगा, मी तिच्यावर खूण करून ठेवते.

जोडणी शेजारच्या काकांच्या मुलाकडून करून घ्या, पण तो जोडत असताना समोर उभे राहा. डबीतून दोन वायरी निघतात, लाल आणि पांढरी. त्या आपल्या सोनोडाइन ॲम्प्लिफायरच्या मागे ऑक्स लिहिलंय तिथे लावायच्या. फोनो लिहिलंय तिथे अजिबात नाही. ती जागा रेकॉर्डच्या सुईचा अशक्त आवाज कितीतरी पटींनी वाढवायला केलेली आहे. तिथे हा तगडा सिग्नल घातला तर जे ऐकू येईल त्यावरून बाबा निकाल देऊन मोकळे होतील. स्पीकर तेच, ॲम्प्लिफायर तोच. बदललंय ते फक्त गाणं घरात येण्याचं दार.

आई, हे तुझ्यासाठी. फोन आता नुसता रिमोट आहे. गाणं फोनमधून जात नाही, डबी वायफायवरून ते स्वतःच आणते. त्यामुळे माझा फोन आला तरी गाणं थांबणार नाही. नाहीतर रोज संध्याकाळी मीच फोन करायचे आणि मीच तुमचा मारवा तोडायचे. ऑटोप्ले मी बंद केलंय, ते चालू करू नकोस. नाहीतर भैरवी संपली की ते आपल्या मनाने लग्नाच्या वरातीतलं काहीतरी लावतं.

तू विचारलंस, दरमहा पैसे भरायचे आणि भरणं थांबवलं की गाणं आपलं नाही, हा कुठला न्याय? हा भाड्याच्या घराचा न्याय आहे, आई. मालकाने एखादी खोली काढूनही घेतली, असं होतं. गेल्या वर्षी माझ्या यादीतला एक अख्खा अल्बम असाच एका सकाळी गायब झाला. शोधतानाही वैताग येईल, एकाच भूपाची तीन-चार इंग्रजी स्पेलिंगं. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. बाबा रेकॉर्डचं पाकीट उलटं करून साथीदारांची नावं आधी वाचायचे आणि मगच सुई टेकवायचे, तो भाग इथे नाही. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

मग हे सगळं कशाला? खरं सांगू का बाबा, तुमच्या गुडघ्यासाठी. एलपीची एक बाजू वीस-बावीस मिनिटं. किशोरीताईंचा भूप संपला की उठायचं, वाकायचं, बाजू पालटायची, मग बागेश्री. ऑपरेशननंतर तुम्ही बागेश्री ऐकणंच सोडलंय, असं आई म्हणाली. तुम्ही मला हे सांगितलं नसतं.

म्हणून काही टाकून द्यायचं नाहीये. रेकॉर्ड उभ्याच ठेवा, आडव्या रचू नका, आणि पावसाळ्याआधी रिकाम्या कपाटाला ऊन दाखवा, बुरशी धरते. सीडी मी आले की कॉम्प्युटरवर उतरवून घेईन, त्या मूळच्याच डिजिटल, घाई नाही. घाई कॅसेटची आहे. बाबांनी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या विकतच्या कॅसेटचीही नाही, त्यातल्या बऱ्याच आता सापडतात. दुकान 2016 ला बंद झालं, गाणं कुठे कुठे उरलं. पण आईने सांगली आकाशवाणीवरून भरून घेतलेल्या? त्या जगात कुठेच नाहीत. टेपवरचा थर सुटत जातो, डेकचा रबरी पट्टा सैल झाला की आवाज हेलकावे खातो. 90 मिनिटांची कॅसेट उतरवायला 90 मिनिटंच लागतात, त्यात पळवाट नाही. मी गणपतीत आठ दिवस येतेय. रोज चार झाल्या तरी बत्तीस. आधी पट्टा बदलून घ्यायला हवा, बाबांच्या ओळखीचा तो रेडिओवाला अजून दुकान उघडतो का, ते विचारा.

त्याआधी एक काम करा. कॅसेटवरचे नंबर आणि वहीतली यादी जुळवून मला फोटो पाठवा. बाबांच्या अक्षरात बाकी सगळं आहे, तारीख, राग, कलाकार, कुठे वीज गेली तेसुद्धा. फक्त 14 नंबरसमोर "अप्रतिम!" एवढंच लिहिलंय. कोण गातंय ते लिहायचं राहिलंय. आई म्हणते पुरुषाचा आवाज आहे, बाबा म्हणतात बाई आहे. लावून बघा आणि कळवा.

तुमची,
धाकटी